उलटी करवत

लाकूडकामाची यंत्रं जगात जिथं अगदी सुरुवातीला जोडली गेली, त्यातली एक जागा म्हणजे लंडनमधल्या एका तत्त्वज्ञाचं राहतं घर. वेस्टमिन्स्टरमधल्या क्वीन्स स्क्वेअर प्लेसला जेरेमी बेंथम राहायचा. कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं असेल तर 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख' म्हणणारा तो हाच. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युअल अभियंता होता. रशियात पोटेमकिन सरदाराच्या पदरी बरीच वर्षं काढून तो १७९१ साली परत आला आणि भावाच्या घरात यंत्रं बांधायला लागला. लाकूड रंधायचं यंत्र, कापायचं यंत्र, खाचा पाडायचं यंत्र. १७९१ आणि १७९३ साली त्यानं घेतलेल्या पेटंटांमध्ये आजच्या सुतारी कारखान्यातली बहुतेक यंत्रं बीजरूपात सापडतात.

ही यंत्रं कुणासाठी होती, ते मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा चमकवून गेलं. ती कैद्यांसाठी होती. जेरेमीच्या डोक्यात तेव्हा 'पॅनॉप्टिकॉन' घोळत होता: गोल तुरुंग, मधोमध बुरूज, बुरुजावरून एक माणूस सगळ्यांवर नजर ठेवणार. ही कल्पना मुळात सॅम्युअलचीच, रशियातल्या कामगारांवर देखरेख ठेवता ठेवता सुचलेली. या तुरुंगात कैद्यांकडून काम करून घ्यायचं तर अडचण अशी, की कैद्याला सुतारकाम येत नाही. मग कौशल्य माणसात नको, यंत्रात असू दे. माणसानं फक्त लाकूड पुढं सरकवायचं.

तो तुरुंग काही बांधला गेला नाही. यंत्रं मात्र राहिली. आणि आज यूट्यूबवर कुणीतरी प्लायच्या तुकड्यांतून घरच्या घरी 'टेबल सॉ' बनवताना तुम्ही पाहता, हौसेनं, कुणाचाही हुकूम नसताना, तेव्हा तो त्याच यंत्राचा वंशज बनवत असतो. कैद्यासाठी आखलेलं यंत्र हौशी माणसाच्या पडवीत कसं आलं, हे सांगायचा हा खटाटोप आहे. मध्ये बरीच बोटं गेली आहेत, तेही सांगायला हवं.

*

आधी करवत. हाताची करवत एका दिशेनं कापते आणि दुसऱ्या दिशेनं नुसतीच जाते. ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या तर ओंडका घोडीवर चढवायचा, एक माणूस वर उभा राहणार, एक खाली. मोठा आरा वरखाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. काप पुढं गेला की लाकूड मिटायला बघतं, आरा आवळला जातो, म्हणून मागच्या कापात एक पाचर ठोकायची. ही पाचर लक्षात ठेवा, ती पुढं परत येणार आहे.

हे काम यंत्राकडून करून घ्यायची अक्कल बरीच जुनी. हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून नावाच्या शेतकऱ्यानं १५९४ च्या सुमाराला पवनचक्कीला क्रॅंक जोडून तिच्या गोल फिरण्याचं आऱ्याच्या वरखालीत रूपांतर केलं. डचांनी पुढच्या शंभर वर्षांत जी जहाजं बांधली, त्यांच्यामागं ही लाकूडगिरणी होती. इंग्लंड मात्र हट्टानं हातानंच कापत राहिलं. चार्ल्स डिंगली नावाच्या व्यापाऱ्यानं लंडनजवळ लाइमहाउसला वाऱ्यावर चालणारी लाकूडगिरणी उभारली, तर १७६८ च्या मे महिन्यात शेकडो आरेवाल्यांनी जाऊन ती मोडून टाकली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटनं अशी मोडतोड हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा केला. पोट भरायचं साधन जाताना माणसं गप्प बसत नाहीत, आणि कायदा बहुतेक वेळा गिरणीच्या बाजूनं येतो. मला या आरेवाल्यांना 'प्रगतीचे शत्रू' म्हणवत नाही. खाली उभा राहून डोळ्यांत भुसा घेणाऱ्याला यंत्राचा राग नव्हता, उद्याच्या भाकरीची काळजी होती.

गोल करवतीचा शोध कुणी लावला, याचं सरळ उत्तर नाही. साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलरनं १७७७ साली पेटंट घेतलं, त्यात करवत गोल असल्याचा उल्लेख येतो, पण इतक्या सहज, की वाचणाऱ्याला वाटावं ही गोष्ट सगळ्यांना ठाऊकच आहे. अमेरिकेत मात्र एक सुरेख गोष्ट सांगतात. टॅबिथा बॅबिट नावाची शेकर पंथातली बाई दोन पुरुषांना आरा ओढताना पाहत होती. निम्मे श्रम परतीच्या फेरीत वाया जातायत, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं सूत कातायच्या चाकाला पत्र्याची दातेरी चकती जोडली. साल सांगतात १८१३. तोवर इंग्लंडात गोल करवती फिरत होत्या, त्यामुळं 'पहिली' म्हणून ही गोष्ट टिकत नाही. पण चरख्यातून करवत, ही कल्पनाच इतकी घरगुती आहे की गोष्ट टिकून राहिली, यात नवल नाही. या लेखातल्या बाकीच्या बहुतेक नावांच्या गर्दीत एक बाईचं नाव येतं, म्हणूनही ती मला सोडवत नाही.

*

सॅम्युअल बेंथम १७९६ साली ब्रिटिश आरमाराच्या गोद्यांचा मुख्य तपासनीस झाला. आरमाराला तेव्हा दर वर्षी सुमारे १ लाख कप्प्या लागायच्या. कप्पी म्हणजे शिडाच्या दोऱ्या ओढायला लागते ती, लाकडाच्या ठोकळ्यात बसवलेली चाकं. एका मोठ्या युद्धनौकेवरच हजाराच्या आसपास. सगळ्या हातानं केलेल्या. मार्क ब्रुनेल नावाच्या फ्रान्समधून पळून आलेल्या अभियंत्यानं कप्प्या बनवायची यंत्रमाला आखली, हेन्री मॉडस्ले या कारागिरानं ती लोखंडात घडवली, आणि पोर्ट्समथच्या गोदीत ती १८०२ ते १८०६ च्या दरम्यान उभी राहिली. १८०८ साली तिथून १ लाख ३० हजार कप्प्या बाहेर पडल्या. जे काम ११० कारागीर करायचे, ते १० माणसं करू लागली, आणि ती १० माणसं कारागीर असायची गरजही नव्हती. एकाच वस्तूच्या एकामागून एक प्रक्रियेसाठी वेगवेगळी यंत्रं ओळीनं मांडून घाऊक उत्पादन करायचं, या पद्धतीचं हे जगातलं पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. ब्रुनेलला त्याबद्दल सुमारे १७ हजार पौंड मिळाले. १०० कप्पीकारांचं काय झालं, ते कुणी इतकं नीट लिहून ठेवलेलं नाही.

याच वर्षांत मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजं बांधत होती. जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली आणि १८१९ साली पोर्ट्समथला पोहोचली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईच्या सुतारांनी मलबारी सागवान हातानं कापून, वाकसानं तासून बांधलेलं जहाज त्या बंदरात जाऊन लागलं, जिथं हाताचा सुतार कमी करणारी जगातली सगळ्यात हुशार यंत्रं चालू होती. दोघांचा मालक एकच.

*

पुढची शंभरेक वर्षं लाकूडकामाचं यंत्र म्हणजे कारखानाच. कारण साधं: शक्ती. वाफेचं इंजिन एक, छताला लांबच लांब दांडा, त्याच्यावर चाकं, चाकांवरून खाली येणारे चामड्याचे पट्टे, आणि पट्ट्याच्या टोकाला यंत्र. घरात इंजिन कोण ठेवणार? इलिनॉयमधल्या बार्न्स बंधूंनी १८७० च्या दशकात पायानं चालवायच्या करवती विकल्या, शिलाई मशीनसारख्या पायटा मारत कापायच्या. त्यांवर लहान गावच्या सुतारांनी खरंच धंदे केले. पण पायानं जाड लाकूड कापून बघा म्हणजे कळेल.

मग तीन गोष्टी आल्या, आणि तिन्ही करवतीसाठी आल्या नव्हत्या. घरात वीज आली, दिव्यासाठी. छोटी मोटर आली, कपडे धुण्याच्या यंत्रासाठी. आणि व्ही-आकाराचा पट्टा आला, मोटारगाडीच्या पंख्यासाठी. डेन्व्हरच्या जॉन गेट्सनं तो १९१७ साली काढला. सपाट पट्टा घसरतो, त्याला लांब अंतर लागतं. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत स्वतःला आवळून घेतो, म्हणून हातभर अंतरावरही पकड सोडत नाही. जुन्या वॉशिंग मशीनची पाव अश्वशक्तीची मोटर, दोन पुल्या, एक व्ही-पट्टा, भंगारातल्या गाडीचा एखादा दांडा आणि बेअरिंग, वर लाकडी टेबल. झाली करवत.

अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत 'पॉप्युलर मेकॅनिक्स'सारखी मासिकं असल्या यंत्रांचे आराखडे छापत होती. मंदीत खिसे रिकामे होते आणि वेळ भरपूर. हे सगळं साहित्य पुरुषांना उद्देशून लिहिलेलं असे. घरात बायकोचं स्वयंपाकघर, तसं नवऱ्याचं वर्कशॉप, असा एकूण सूर. गंमत अशी, की मोटर त्याच बायकोच्या कपडे धुण्याच्या यंत्रातून आलेली.

काहींनी घरात बनवलं आणि तिथंच थांबले नाहीत. हर्बर्ट टाउट्झनं मिलवॉकीला गॅरेजमध्ये १९१९ साली लहानसा धंदा सुरू केला. हौशी लोकांना परवडतील अशी छोटी यंत्रं बनवता बनवता त्याची 'डेल्टा' झाली, आणि 'डेल्टा'ची टेबल सॉ पुढं दोन-तीन पिढ्या अमेरिकन वर्कशॉपचं मापच होऊन बसली. रेमंड डीवॉल्ट न्यू जर्सीमधल्या एका कारखान्यात देखरेखीचं काम करायचा. माणसं कमी, काम जास्त, म्हणून १९२२ च्या सुमाराला त्यानं गोल करवत टेबलाच्या वर एका आडव्या बाहूला टांगली. लाकूड जागच्या जागी, करवत फिरती. हार्डवेअरच्या दुकानात पिवळ्या रंगाचं जे ड्रिल दिसतं, त्याच्यावरचं नाव त्याचंच. आणि १९४७ साली हान्स गोल्डश्मिट या जर्मनीतून आलेल्या माणसानं 'शॉपस्मिथ' काढलं: एकच मोटर, पण टेबल सॉ, लेथ, उभं ड्रिल, आडवं ड्रिल, घासायची चकती, अशी पाच यंत्रं एकात. ज्याच्याकडं एकच खोली आहे त्याच्यासाठी ते होतं.

*

आपल्याकडं यंत्र घरी बनवायचं असतं, हे कुणी मासिकातून शिकवलं नाही. लाकूड कातणाऱ्यासाठी मराठीत 'कातारी' हा स्वतंत्र शब्द आहे. कातारी जमिनीवर दोन खुंट्या रोवायचा, त्यांच्यात लाकूड बसवायचा, त्याला दोरीचे वेढे द्यायचा आणि दुसऱ्या माणसाला ती दोरी आलटून पालटून ओढायला लावायचा. लाकूड एकदा पुढं फिरतं, एकदा मागं. पटाशी पुढच्या फेरीतच लावायची. पुन्हा तोच परतीचा वाया जाणारा निम्मा वेळ. पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे, सावंतवाडीची लाखेची खेळणी हे सगळं असल्या लेथवरनं आलेलं आहे. हा लेथ विकत घ्यायची वस्तूच नव्हती. ज्याला हवा तो बनवायचा. त्याला 'होममेड' म्हणायचं सुचलं नाही, कारण दुसऱ्या कुठल्या प्रकारचा नव्हताच.

याला आता सगळे 'जुगाड' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. त्यात 'कसंबसं चालवून घेतलं' असा वास आहे. आपला जुना शब्द 'खटपट' बरा. खटपट्या माणूस म्हणजे हात रिकामा न ठेवणारा. शेजाऱ्यांना कधी कधी त्याचा त्रास होतो, पण त्याच्या कामात डोकं असतं.

वीज आल्यावर खटपट्यांनी अमेरिकन पुस्तकांतले आराखडे उतरवले, तेव्हा एक बारीक गोम निघाली. तिकडं वीज सेकंदाला ६० वेळा उलटसुलट होते, इकडं ५० वेळा. तिकडची साधी मोटर मिनिटाला १७२५ फेरे मारते, तीच आपल्याकडं १४४० च्या आसपास. पुस्तकातल्या मापाच्या पुल्या लावल्या तर करवत सहाव्या हिश्श्यानं हळू. ज्यांना हे कळलं त्यांनी मोटरवरची पुली मोठी केली. माझ्या वडिलांच्या ओळखीच्या एका वखारवाल्यांनी हे गणित भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं. रंगकाम झालं तरी तेवढा चौकोन त्यांनी रंगवू दिला नाही.

*

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या डेव्हिड गिंजरीनं १९८० पासून पातळ पातळ पुस्तकांची एक मालिका काढली. विषय: भंगारातून स्वतःचं वर्कशॉप. पहिल्या पुस्तकात कोळशाची भट्टी. तीत ॲल्युमिनियमचं भंगार वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं. दुसऱ्या पुस्तकात त्या ओतकामातून लेथ. आणि लेथ अर्धा झाला की उरलेल्या लेथचे भाग त्याच अर्ध्या लेथवर करायचे. पुढं शेपर, मिलिंग, ड्रिल. एका यंत्रातून दुसरं यंत्र. हे धातूकामाचं असलं तरी लाकूडवाल्यांनी त्यातली हिंमत उचलली.

लाकडाच्या बाबतीत हे सगळ्यात पुढं नेलं ते कॅनडातल्या मथायस वांडेलनं. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीत तो अभियंता होता. ती नोकरी सोडल्यावर त्यानं लाकूड कापायची यंत्रं लाकडातूनच बनवायला सुरुवात केली आणि ती यूट्यूबवर दाखवली. त्याची बँड सॉ मी कितीदा पाहिली असेल, मोजलेलं नाही. बँड सॉ म्हणजे दोन चाकांवरून फिरणारी लांब पट्टीची करवत. ही कल्पनाही जुनी, विल्यम न्यूबेरीनं १८०८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलेली. पण पट्टीचा जोड टिकेना, म्हणून जवळजवळ चाळीस वर्षं ती कागदावरच पडून राहिली. शेवटी आन पोलीन क्रेपँ या फ्रेंच बाईनं जोडाचं तंत्र काढून १८४६ साली पेटंट घेतलं. (दुसरं बाईचं नाव. यावेळी कागदोपत्री पक्कं.)

वांडेलची चाकं प्लायवुडची. पट्टी चाकावरून घसरून पडत का नाही? कारण चाकाची कड सपाट नसते, मधे किंचित फुगीर असते. पट्टा नेहमी उंच जागेकडं चढतो. आपल्या मनाला वाटतं तो उतारावरून घरंगळेल, पण ताणलेला पट्टा उलटं वागतो. हा फुगीरपणा त्यानं चाक यंत्रात बसवून, फिरवत फिरवत कापूनच आणला, म्हणजे चाक कितीही वेडंवाकडं कापलेलं असलं तरी ते आपल्या आसाशी गोल होणारच. वर रबर हवं, तर सायकलची ट्यूब कापून चढवली. चौकट लाकडाच्या पट्ट्या एकावर एक आडव्याउभ्या चिकटवून केली, कारण पट्टीचा ताण एकसंध लाकडाला वाकवतो. पाहताना वाटतं, अरे, हे मला जमेल. बेंथमनं माणसातलं कौशल्य काढून यंत्रात घातलं होतं. हा माणूस ते परत बाहेर काढून दाखवत होता.

बँड सॉ घरी बनवणं त्यामानानं सौम्य काम आहे, हेही सांगते. तिचे दाते लाकूड सरळ खाली टेबलावर दाबतात. गोल करवतीचं तसं नाही.

*

टेबल सॉ म्हणजे उलटी केलेली गोल करवत. पातं टेबलाखालून वर आलेलं, आणि माणूस लाकूड त्याच्यावर ढकलतो. समोरचे दाते खाली कापतात, तोवर ठीक. पण पात्याच्या मागच्या बाजूचे दाते वर येत असतात. कापलेलं लाकूड मिटलं, किंवा बाजूची गाइडपट्टी पात्याशी समांतर नसून शेवटाकडं जरा जरी आवळत असली, की लाकूड त्या मागच्या दात्यांवर चढतं आणि पातं ते उचलून ढकलणाऱ्याच्याच अंगावर फेकतं. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर दात्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. लाकूड त्याच वेगाच्या धक्क्यानं निघतं. आणि लाकूड अचानक निघून गेलं की त्याला टेकवलेला हात भार सुटल्यासारखा पुढं जातो. पुढं पातं.

अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हिशेबानं टेबल सॉमुळं तिथं वर्षाला सुमारे ४,००० जणांचं बोट किंवा बोटाचा भाग तुटतो. रोजचे दहाहून जास्त. आपल्याकडचे मोजायला कुणी बसलेलं मला दिसलेलं नाही.

यावरचा जुना उपाय आरेवाल्यांचाच: पाचर. पात्याच्या लगेच मागं टेबलातून वर येणारी लोखंडी पट्टी. ती कापलेल्या फटीत शिरते, फट मिटू देत नाही, लाकूड मागच्या दात्यांपर्यंत पोहोचूच देत नाही. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड हवी आणि दात्यांनी पाडलेल्या फटीपेक्षा बारीक. एवढंच. खर्च जवळपास शून्य.

नवा उपाय स्टीफन गॅसचा. तो पेटंटचा वकील, भौतिकशास्त्रात पीएचडी, आणि ओरेगॉनमधल्या आपल्या वर्कशॉपमध्ये हौसेनं सुतारकाम करणारा. १९९९ साली त्याच्या मनात आलं, की बोट आणि लाकूड यांत पात्याला फरक कळू शकतो: बोटातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून नाही म्हटलं तरी चालेल. पात्यावर बारीकसा विद्युत संदेश सोडायचा. बोट लागलं की तो ढासळतो. त्या क्षणी स्प्रिंग सुटते, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पातं सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबून टेबलाखाली जातं. त्यानं ते स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवलं, आधी सॉसेजवर आजमावलं, मग स्वतःच्या बोटावर. बोट राहिलं, ओरखडा पडला.

मोठ्या कंपन्यांकडं तो गेला. कुणी घेतलं नाही. किंमत वाढेल, आणि एका मॉडेलला हे लावलं तर बाकीची मॉडेलं धोक्याची आहेत असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, अशी भीती. शेवटी त्यानं स्वतःची 'सॉस्टॉप' कंपनी काढली. मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी जमीन बसवणाऱ्या एका कामगाराचा हात टेबल सॉनं जायबंदी झाला. हे तंत्र उपलब्ध असूनही करवतीत नव्हतं, म्हणून २०१० साली ज्यूरीनं त्याला १५ लाख डॉलर दिले. इथवर गॅस या गोष्टीचा नायक. पण मग बॉशनं वेगळ्या पद्धतीची बोट वाचवणारी करवत बाजारात आणली, तर 'सॉस्टॉप'नं पेटंटच्या जोरावर ती अमेरिकेत विकायला बंदी आणवली. वकील तो वकीलच. बोटं वाचवायचा कायदा व्हावा, म्हणून हाच माणूस वर्षानुवर्षं सरकारकडं खेटे घालत होता, आणि दुसऱ्याचं बोट वाचवणारं यंत्र अडवतही होता. दोन्ही खरं आहे. २०२४ साली कंपनीनं सांगितलं, की सरकारचा नियम लागू झाला तर आपलं एक महत्त्वाचं पेटंट सगळ्यांना खुलं करू.

*

गेल्या वर्षी आमच्या घरी कपाटांचं काम निघालं. मिस्त्री परभणीकडचे, सोबत त्यांचा पुतण्या. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं असेल, तर आमच्याच प्लायचा एक तुकडा घेतला, त्यात एक लांबट फट पाडली, आणि मार्बल कटर उलटा करून खालून चार स्क्रूंनी आवळला. मार्बल कटर म्हणजे फरशी कापायचं हातातलं यंत्र. त्याचं दगडाचं पातं काढून लाकडाचं चार इंची टीसीटी पातं लावलेलं, झाकण काढून टाकलेलं, बटण 'चालू'वर अडकवून ठेवलेलं, चालूबंद भिंतीवरच्या प्लगपाशी. दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर प्लाय ठेवला, एक ॲल्युमिनियमची पट्टी गाइड म्हणून क्लॅम्पनं दाबली. वीस मिनिटांत टेबल सॉ. भारतातल्या शहरांत आज जी कपाटं आणि स्वयंपाकघरं होतायत, त्यातली किती या उलट्या कटरवर कापलेली असतात, ते कुठल्याही नव्या इमारतीत चक्कर मारून बघा. आवाजावरनंच कळेल. हे यंत्र मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतं. पातं लहान असलं तरी दाता ताशी २३० किलोमीटरच्या आसपास.

मी विचारलं, मिस्त्री, तयार मशीन का नाही घेत?

"घेतलं तर चौथ्या मजल्यावर चढवायचं कुणी मॅडम? आन काम झालं की उतरवायचं. ह्ये बघा, कटर पिशवीत, प्लाय तुमच्या कपाटात मागं लागून जाईल." आणि खरंच, शेवटच्या दिवशी ते टेबल कापून त्यांनी कपाटाच्या मागच्या बाजूला लावलं. ती फट अजून आत दिसते.

त्यांच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. ते या कटरवर गेलं नव्हतं. तरुणपणी एका सॉ मिलमध्ये होते, तिथल्या मोठ्या यंत्रावर. तयार यंत्रच होतं ते, कारखान्यातनं आलेलं. मिलवाल्यानं दवाखान्याचे पैसे दिले आणि आठव्या दिवशी कामावर बोलावलं.

पुतण्या एकोणीस-वीसचा. फोनवर रील्स पाहत जेवायचा. वांडेलची बँड सॉ मी त्याला दाखवली, तर त्याला तिच्यात फारसा रस वाटला नाही. एवढ्या वेळात आपण दोन कपाटं उभी करू, म्हणाला. पाचरेचं चित्र मात्र त्यानं मोठं करून दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी लोखंडी पट्टीचा एक तुकडा कुठूनसा आणला, कानशीनं घासत बसला. पात्याची फट मापायला त्याच्याकडं काही नव्हतं. त्यानं आमच्या लॅमिनेटचे तुकडे एकावर एक धरून फटीत घालून पाहिले: दोन सहज जातात, तीन जात नाहीत. मग पट्टी दोन लॅमिनेटांएवढी होईपर्यंत घासली. तिला खाली काटकोनात वाकवून दोन भोकं पाडली आणि पात्यामागं प्लायला आवळली.

मिस्त्रींनी येऊन पाहिलं. पट्टी बोटानं हलवून बघितली, त्याच डाव्या हातानं.

"थोडी वर आलीय," ते म्हणाले. "खाली घे. खाच मारताना अडंल."

पुतण्यानं कटर बंद केला, प्लग काढला, आणि परत कानस उचलली.